पडद्यावर सॅटेलाइट, आत लोहचुंबक

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या सायकल ग्रुपात काही जणांनी एकाच माणसाकडून ‘कंपनीचाच माल, निम्म्या भावात’ म्हणून जीपीएस सायकल कॉम्प्युटर (हँडलवर लावायचं, उपग्रहावरून वाट आणि वेग दाखवणारं यंत्र) घेतले. मी त्यातलाच एक. साडेआठ हजार मोजले आणि हातात आलेल्या वस्तूत जीपीएस नाही. हलक्या प्रतीचं आहे असं म्हणत नाही. नाहीच.

विकणारा रस्त्यावरचा परका गडी नव्हता. रविवारी वेरूळपर्यंत आमच्यासोबत सायकल हाणायचा. त्याच्या हँडलवरचं यंत्र मात्र अस्सल होतं. दौलताबादच्या घाटात ते चढाचा टक्का दाखवायचं, वळणाआधी वाजायचं, आणि चहाच्या टपरीवर आम्ही टेकेपर्यंत अख्खी राइड त्याच्या मोबाइलवर स्ट्रावा या राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपात जाऊन बसलेली असायची. आम्ही सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. विकताना मात्र त्याच आकाराचा, सीलबंद खोका दिला. सगळी मेख इथं आहे. दाखवला तो नमुना त्याचा स्वतःचा, विकला तो माल वेगळाच.

मला ते हवं होतं 200 किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसाठी. साडेतेरा तासांत ती संपवावी लागते. आपल्याकडच्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, आणि नकाशा सतत चालू ठेवला तर बॅटरी निम्म्या वाटेत मान टाकते. त्याला हे सगळं माहीत होतं, कारण चहाला बसून आम्हीच ते बोलायचो. “भाऊ, आपल्या इस्रोची ‘नाविक’ उपग्रह प्रणालीपण आहे यात,” असं वर. खोक्यावरही पाच-पाच उपग्रह प्रणालींची नावं छापलेली. बिल मागितलं तर “18 टक्के वर लागतील.” पैसे यूपीआयने, पण नाव दुसऱ्याचंच दिसलं. “मेहुण्याचं खातं आहे.” आणि निघताना हमखास एक वाक्य: “इथं सील तोडू नका, वॉरंटी जाते. घरी निवांत उघडा.”

आता ही वस्तू इतके दिवस खपली कशी, ते ऐका. खोक्यात एक छोटा सेन्सर आणि एक लोहचुंबक होतं. चुंबक चाकाच्या स्पोकला, सेन्सर चाक धरणाऱ्या फोर्कला. “याने जीपीएसची अचूकता वाढते,” म्हणाला. यात अर्धं खरं आहे म्हणून ते पटतं. चांगल्या यंत्रांनाही वेगाचा वेगळा सेन्सर जोडता येतो, आणि बोगद्यात किंवा दाट झाडीत तो उपयोगी पडतो. इथं मात्र सगळा कारभार त्या चुंबकावरच होता. 700 बाय 25 च्या टायरचा घेर साधारण 2105 मिलिमीटर. तेवढा आकडा टाकला की यंत्र चाकाचे फेरे मोजतं आणि गुणाकार करतं. वीस-तीस वर्षांपूर्वी सायकलला जे वायरवालं मीटर यायचं, तेच हे, फक्त रंगीत पडदा लावून. त्यामुळे किलोमीटर रस्त्यावरच्या दगडांशी जुळायचे आणि कुणाला शंका यायची नाही.

खटकलं ते राइडच्या फाइलवरून. केबल लावली तर चार्जिंग व्हायचं, पण घरच्या कॉम्प्युटरवर काहीच दिसायचं नाही. विचारलं तर आधी “ढग आहेत,” मग “सॉफ्टवेअर अपडेट येतोय.” ढगांमुळे जीपीएस बंद पडत नाही हे त्यालाही कळत असणार. पुढं जालन्याला एसटीने जाताना मित्राने यंत्र खिडकीत धरलं. गाडी सुसाट, आणि हे गप्प. तो ओरडलाच, “अरे, आपण पळायलो अन् हे शून्यच दाखवायलंय!” वर सॅटेलाइटच्या चारही दांड्या भरलेल्या. घरी येऊन ते फराळाच्या स्टीलच्या डब्यात घातलं, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल आत पोचू नये, झाकण लावलं, थोड्या वेळाने उघडलं. तरी चार दांड्या! ते चित्र पडद्यात कायमचं बसवलेलं होतं. नंतर पाठ उघडली तर आत बॅटरी आणि एक छोटं सर्किट. अँटेनाच्या नावाने बोंब.

तेव्हा कुणी असं यंत्र विकायला आलं, तर सील त्याच्यासमोर तोडा. नाही म्हणाला तर तिथंच व्यवहार संपवा. चुंबक-सेन्सर न लावता उघड्या आभाळाखाली या. जीपीएसचे उपग्रह जवळपास 20,200 किलोमीटरवर असतात, जागा काढायला निदान चार लागतात, आणि प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवतो. म्हणून नवं यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा वेळ शोधत बसतं. स्लॅबखाली, चालू करताक्षणी फुल सिग्नल दाखवणारं यंत्र खोटं समजा. घड्याळही बघा. खरं यंत्र वेळ उपग्रहाकडून घेतं, माझ्याकडच्याने ती मलाच बटणं दाबून लावायला सांगितली होती. मग ते हातात धरून कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसा, चौकापर्यंत जाऊन या आणि राइडची फाइल काढून दाखवा म्हणा. उंचीचा आकडा लगेच बरोबर आला नाही तर मात्र घाई करू नका. हवेच्या दाबावरून उंची काढणारी चांगली यंत्रंही हवा बदलली की थोडी चुकतात.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी हे छापलेलं असायलाच हवं. आमच्या खोक्यावर आयातदार नावाचा प्राणीच नव्हता.

पैशांचं म्हणाल तर तो ग्रुप सोडून गेला, नंबर बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण समोरच्याचा नाव-पत्ता लागतो आणि बिल नसलं की तिथंच अडतं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक तेवढा हातात आहे. त्यावरून खातेदार शोधता येईल, म्हणून पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली अर्ज दिलाय. ज्यांनी रोख दिले, त्यांच्याकडे तेवढाही धागा नाही.

परवा लातूरच्या एका मित्राने त्यांच्या ग्रुपातली जाहिरात पाठवली. नंबर नवा, भाव तोच. फोटोत यंत्र घरात सोफ्यावर ठेवलंय आणि चारही दांड्या भरलेल्या. लातूर, नांदेड, धाराशिवकडच्या कुणाला खोका ताडून बघायचा असेल तर सांगा, माझ्या खोक्याचे आणि आतल्या सर्किटचे फोटो पाठवतो.