ओव्हुलेशन टेस्टच्या पट्ट्या : पीसीओएस असणाऱ्यांनी घ्याव्यात का?

घरच्या घरी लघवी तपासून स्त्रीबीज बाहेर पडण्याची वेळ सांगणाऱ्या या पट्ट्या मी वंध्यत्वावरील उपचार सुरू होण्याआधीपासून वापरत आले आहे. ज्यांची पाळी नियमित आहे त्यांना त्या उपयोगी पडतील, पीसीओएस (संप्रेरकांच्या असमतोलामुळे पाळी आणि बीज बाहेर पडणे अनियमित होणारा विकार) असणाऱ्यांनी मात्र त्यांच्यावर बेताचाच भरवसा ठेवावा, असे माझे मत आहे. पट्टी एलएच या संप्रेरकाची वाढ टिपते आणि ही वाढ सुरू झाल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज बाहेर पडते, असे त्यात गृहीत धरलेले असते. पीसीओएसमध्ये एलएचची पातळी मुळातच चढी असू शकते, शिवाय ती वाढली तरी बीज बाहेर पडेलच असे नाही. रेघ गडद म्हणजे एलएच वाढलेले; माझ्या पट्टीवरची रेघ आज गडद, उद्या फिकी आणि काही दिवसांनी पुन्हा गडद दिसे. खिडकीपाशी उजेडात तपासणीची आणि तुलनेची अशा दोन्ही रेघा ताडून पाहण्यातच सकाळ जाई, आणि नवऱ्याला नेमके काय सांगावे हे कळत नसे. खोक्यावर अचूकतेचा दावा ठळक छापलेला, पीसीओएसबद्दलची सूचना मात्र आतल्या कागदावर बारीक अक्षरांत, हे मला खटकले. पाळी लांबली की पट्ट्याही भराभर संपतात, तो खर्च वेगळाच. खात्रीचे उत्तर मिळाले ते सोनोग्राफी आणि प्रोजेस्टेरॉनच्या (बीज बाहेर पडल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाच्या) रक्ततपासणीतून. पुढे लेट्रोझोल हे बीज बाहेर पडण्यास मदत करणारे औषध सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून याच पट्ट्या पुन्हा वापरल्या, तेव्हा रेघा बऱ्याच समजण्याजोग्या होत्या. घ्यायच्याच असतील तर आधी लहान पाकीट घ्यावे.