जिरो, टूर की वुएल्ता: एकच बघायची तर कोणती?

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात झालेली आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत बघून आलेल्या माझ्या लातूरच्या पुतण्यानं विचारलं, "काका, युरोपातल्या तीन मोठ्या शर्यती, इटलीची जिरो, फ्रान्सची टूर, स्पेनची वुएल्ता, यांपैकी एकच बघणं जमणार आहे. कोणती बघू?" मी लगेच सांगितलं, जिरो दी इटालिया. टूर द फ्रान्स सगळ्यांत मोठी खरी, पण पहिल्यांदा ती नको.

तिन्हींचा साचा सारखाच: 21 टप्पे, सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटर, संघात आठ जण. पैठणहून निघालेली नाथांची पालखी मुक्काम करत करत पंढरपूर गाठते, तसा इथेही रोज नवा मुक्काम असतो. फक्त इथे रोजच्या वेळेची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, त्याच्या अंगावर आघाडीची जर्सी चढते. जिरोत ती गुलाबी, टूरमध्ये पिवळी, वुएल्तात लाल. गुलाबी आणि पिवळा हे रंग वर्तमानपत्रांच्या कागदाचे आहेत. या दोन्ही शर्यती वर्तमानपत्रांनीच सुरू केल्या, टूर 1903 साली, जिरो 1909 साली.

टूर जुलैत असते. सगळे मोठे संघ आपले सर्वांत ताकदवान गडी तिथे उतरवतात, आणि अडचण नेमकी तीच आहे. बलाढ्य संघ अख्खा घोळका मुठीत ठेवतो. 2024 आणि 2025 मध्ये स्लोव्हेनियाचा पोगाचार जिंकणार हे शर्यत संपण्याच्या कितीतरी आधी कळून चुकलं होतं. 2020 सारखं वर्षही येतं, तेव्हा याच पोगाचारनं शेवटून दुसऱ्या दिवशी त्याच्याच देशाच्या रोग्लिचची पिवळी जर्सी काढून घेतली. पण नवख्यानं त्या भरवशावर तीन आठवडे काढू नयेत.

जिरोत उलथापालथ जास्त होते. 2020 मध्ये शेवटच्या टप्प्याला निघताना पहिल्या दोघांची वेळ सेकंदाला सेकंद सारखी होती. 2023 मध्ये रोग्लिचनं शेवटून दुसऱ्या दिवशी जर्सी मिळवली आणि अवघ्या 14 सेकंदांनी जिंकला. आणि ब्रिटनच्या सायमन येट्सची गोष्ट तर मी कुणालाही सांगत सुटतो. 2018 मध्ये गुलाबी जर्सी अंगावर असताना फिनेस्त्रेच्या घाटात तो कोलमडला. त्या एका दिवसात 38 मिनिटांहून जास्त गमावली. त्या घाटाचे वरचे आठ किलोमीटर कच्चा रस्ता आहे. 2025 मध्ये शर्यत पुन्हा तिथेच आली, शेवटून दुसरा दिवस, येट्स तिसरा. पुढचे दोघे, देल तोरो आणि कारापास, एकमेकांवर नजर ठेवत राहिले आणि हा निघून गेला. घाटापलीकडे त्याचा साथीदार वान आर्ट थांबलेला होता, त्यानं पुढे राहून वारा अडवत पुढची वाट ओढून दिली. येट्सनं जवळपास चार मिनिटांच्या फरकानं जिरो जिंकली, त्याच घाटावर! मला तेव्हा रडू आवरलं नाही.

वुएल्ता ऑगस्टअखेर सुरू होते. पोळा, गणपती, घरात पाहुण्यांची वर्दळ. तिचे चढ आखूड पण उभे असतात. आंग्लिरू नावाच्या घाटात काही ठिकाणी 100 मीटरला 23 मीटर चढ आहे. संभाजीनगरहून म्हैसमाळला सायकल नेणाऱ्यांना हा आकडा वाचूनच मांड्या दुखल्यासारखं होईल. घाटच आवडत असतील तर वुएल्ता घ्या, माझी हरकत नाही.

वेळेचा प्रश्न तिन्हींत जवळजवळ सारखा. टप्पे आपल्याकडे रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास संपतात, म्हणजे शेवटचा दीड तास पुरतो. जिरो मे महिन्यात असते. तेव्हा मुलांना सुट्ट्या असतात, माणसं गच्चीवर झोपतात, आणि अंगाची लाही होत असताना समोर बर्फाच्या भिंतींमधून सायकली जातात. अडचण लग्नसराईची. शेवटच्या शनिवारचं आवतण आलं, तर अक्षता पडल्या की जेवायला थांबू नका.