रद्दीवाल्याच्या काट्यावर पंधरा किलो चारशे

आमचा तिघांचा गाण्याचा ग्रुप आहे. एक गाणारी, एक तबलजी आणि मी पेटीवर. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या सोसायट्यांचे हॉल, पंचवटीतलं एखादं डोहाळजेवण, दिवाळीत पाडवा पहाट. साठ-सत्तर माणसं, त्याहून जास्त नाहीत. जुना १९ किलोचा स्पीकर स्कूटरवर पायांशी ठेवून नेता नेता कंबर धरली, तेव्हा एका हाताने उचलता येईल असा आठ इंची स्पीकरचा डबा करून घ्यायचं ठरवलं.

अंबडकडे एक जण ऑर्डरप्रमाणे बॉक्स बनवून देतो असं कळलं. माझ्याकडे पक्कं बिल नाही, म्हणून नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र लिहितो, कारण ती त्याच्या एकट्याची नसणार.

त्याने दाखवलेला नमुना खरोखर हलका होता, कडेला प्लायचे थर दिसत होते. ठरलं ते असं: १२ एमएम पॉप्लर प्लाय (हलक्या लाकडाचा), ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा आतला भाग हलक्या निओडिमियम मॅग्नेटचा, २०० वॅट आरएमएस (सलग पेलेल अशी ताकद), ८ ओहम (विजेला होणारा विरोध), वजन साडेआठ किलोच्या आत. १४,५०० रुपये, निम्मे आधी.

माल आला कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नऊ वाजता. चहूबाजूंनी काळ्या खरबरीत रंगाने मढवलेला, एकही कड उघडी नाही. उचलताच हात खाली गेला. म्हटलं, जड वाटतोय हो. तर म्हणतो, "सर, गोंद ओला आहे अजून. आठवड्यात वजन उतरेल."

आणि मी उरलेले पैसे दिले. पहाटे पाचला निघायचं होतं, एवढंच माझं समर्थन. ड्रायव्हरच्या स्क्रूंवर चकचकीत सील होतं: उघडल्यास वॉरंटी रद्द. मला ते सील बघून उलट भरवसा वाटला! वॉरंटी सहा महिन्यांची, तीही तोंडी.

पुढचे दोन महिने प्रत्येक कार्यक्रमात दुसऱ्या तासाला ॲम्प्लिफायर तापून बंद पडायचा. फोन केला की, "सर, तुमची वायर बारीक आहे." ९०० रुपयांची वायर आणली. ॲम्प्लिफायर तरीही बंद पडायचाच.

जुलैत डबा पावसात भिजला आणि खालचा कोपरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला. प्लाय भिजला तर त्याचे थर सुटतात, असा भुसा होऊन फुगत नाही. तसाच उचलून गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे नेला. काटा म्हणाला १५ किलो ४००. "भाऊ, विकायचाय का?" त्याने विचारलं.

घरी येऊन सील फाडलं. आत १८ एमएमचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला जड बोर्ड. ड्रायव्हरच्या मागे मेदूवड्याएवढं जाड काळं कडं, म्हणजे साधा, जड फेराइट मॅग्नेट, त्यावर निओडिमियमचं स्टिकर. मल्टिमीटर लावला तर ३.४ दाखवतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सातच्या मध्ये दाखवतो, हा ४ ओहमचा होता. ओहम कमी तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त, आणि माझ्या ॲम्प्लिफायरच्या मागे 'किमान ८ ओहम' छापलेलं आहे. बिचारा स्वतःला वाचवायला बंद पडत होता आणि मी वायरी बदलत होतो.

हिशोब मला आधीच करता आला असता. डबा ३० बाय २८ बाय ४५ सेंटीमीटर, म्हणजे सगळ्या बाजू मिळून सुमारे पाऊण चौरस मीटरला थोडं कमी. १२ एमएम पॉप्लरमध्ये त्याचं लाकूड चार किलोच्या आसपास भरतं, १८ एमएम एमडीएफमध्ये नऊच्या वर. गोंद सुकून पाच किलो कुठून उतरणार? आणखी एक: हलका म्हणून कोणी मरीन प्लाय सुचवला तर थांबा. आयएस ७१० चा शिक्का तो पाण्यात टिकेल हे सांगतो, हलका आहे हे नाही. आपल्याकडचा मरीन बहुतेक वेळा जड लाकडाचाच असतो.

त्याच्याकडे परत गेलो तर शटर बंद, शेजारचे म्हणाले जागा सोडली. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथे पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि चॅट होतं. नशीब, चॅटमध्ये त्याने 'निओडिमियम' आणि '८ ओहम' स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

दुसरा डबा सातपूरच्या एका सुताराकडून करून घेतला. रंग लावायच्या आधी बघितला, ड्रायव्हर स्वतः आणून वजन करून दिला, पैसे दिले ते डबा काट्यावर ठेवल्यानंतर. ८ किलो २००. पहिला अजून घरात आहे, उघडाच. आयोगाने मागितला तर दाखवायला लागेल म्हणून त्याचा फुगलेला कोपरासुद्धा कापलेला नाही.