लाडक्या बहिणीच्या केवायसीची फाइल आली तर उघडू नका

माझे २३,४०० रुपये गेले. पिको-फॉलच्या मशीनसाठी ब्लाउज शिवून शिवून साठवलेले. सिडकोतल्या आमच्याच गल्लीत आणखी दोघींना तसाच मेसेज आलाय, म्हणून आज सगळं लिहून काढते.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची झाली. दोन महिन्यांची मुदत. आधी स्वतःचा आधार, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. वेबसाइट नुसती फिरत राहायची, ओटीपी यायचाच नाही. रात्री बारा-बारापर्यंत मी मोबाइल हातात धरून बसायचे. महिन्याचे दीड हजार बंद पडले तर पोरीच्या क्लासची फी कुठून भरायची, हेच डोक्यात.

अशात बचत गटाच्या ग्रुपवर एक फाइल आली. पाठवणारी गटातलीच ताई, त्यामुळे शंका आली नाही. वर योजनेचं चित्र, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे उघडली की मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल. 'ही फाइल धोकादायक असू शकते' असं मोबाइलने सांगितलं होतं, तरी मी 'इन्स्टॉल' दाबलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती दिली. आधार नंबर टाकला. शेवटी 'पडताळणीसाठी १ रुपया भरा' आलं आणि मी यूपीआय पिन टाकला. हिरव्या अक्षरांत 'केवायसी यशस्वी' दिसलं, तेव्हा मी देवाला हात जोडले.

सकाळी दूधवाल्याला पैसे पाठवायला गेले तर खात्यात ११२ रुपये. बँकेचा एकही मेसेज मला दिसला नव्हता. सगळे त्या अॅपने परस्पर पळवले होते.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. भाच्याने माझं नेट बंद करून त्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला तक्रार केली. चोरांनी पैसे वळवलेल्या खात्यात पडून असलेले ४,००० अडवले गेले, बाकीचे तोवर निघून गेले होते. हा नंबर आजच लिहून ठेवा, कारण तिथे मिनिटा-मिनिटाचा हिशोब असतो. आणि खरी केवायसी फुकट असते. ती सरकारी वेबसाइटवरच होते, पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'वर संपतो. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही, पिन तर नाहीच.

सरकारचाही मला राग आहे. २०२४ मध्ये अर्ज भरताना अंगणवाडीच्या ताई शेजारी बसून एकेक रकाना भरून द्यायच्या. या वेळी आमच्या गल्लीत कुणी फिरकलं नाही. तारीख तेवढी कळली. घाबरलेल्या बाईला कुणी सोपा रस्ता दाखवला तर ती त्यावरून जाणारच.

पैशांपेक्षा मला लागलं ते वेगळंच. त्या चोरांनी माझं व्हॉट्सअॅपही ताब्यात घेतलं आणि तीच फाइल माझ्या नावाने सगळ्यांना गेली. ग्रुपवरच्या ताईचंही असंच झालं होतं. त्या दिवशी शिलाई बाजूला ठेवून मी एकेकीला फोन लावत बसले. निफाडच्या आत्याबाईंनी फाइल उघडली होती, आधार नंबरही टाकून झाला होता. "तू पाठवलीस म्हणून उघडली गं," म्हणाल्या. पिन टाकायचा तेवढा राहिला होता.