तलावपाळीवरची ‘साधे नियम, गुंतागुंतीचा निसर्ग’ कार्यशाळा

ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी भरणाऱ्या या तीन तासांच्या कार्यशाळेचे शुल्क आठशे रुपये आहे आणि पहिल्या दीड तासातच ते वसूल होते. संगणक बंद ठेवून प्रत्येकाच्या हाती आलेखकागद व पेन्सिल दिली जाते आणि संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रम यांनी १९८०च्या दशकात अभ्यासलेला, वरच्या ओळीवरून खालची ओळ काळी-पांढरी रंगवण्याचा ‘नियम ३०’ समजावला जातो: चौकोन आणि त्याचा उजवा शेजारी दोन्ही पांढरे असतील, तर त्याच्या खाली डाव्या शेजाऱ्याचा रंग भरायचा, एरवी त्याच्या उलट. एका काळ्या चौकोनाखाली तीन काळे येतात, त्यांच्याखाली दोन काळे, दोन पांढरे, एक काळा. पुढे डावी कड शिस्तीत राहते, पण मधला भाग असा विस्कटतो की पुढची ओळ रंगवल्याशिवाय तिचा अंदाज येत नाही. शेजारी बसलेल्या आठवीतल्या मुलीचा एक चौकोन चुकला, तेव्हा मार्गदर्शकांनी तो खोडू दिला नाही आणि ती चूक दर ओळीला एकेक घर उजवीकडे कशी सरकते, हे सर्वांना दाखवले.

त्यानंतरचा भाग मात्र घाईचा आहे. कोनस टेक्स्टाइल या शंखावरील त्रिकोणी नक्षी पडद्यावर दाखवून ‘हा शंख नियम ३० चालवतो’ असे ठामपणे सांगण्यात आले. शंखातील प्राणी तोंडाच्या कडेशी नवा थर चढवत वाढतो, त्यामुळे नक्षी खरोखरच ओळीओळीने उतरते आणि तुलना अगदीच निराधार ठरत नाही. परंतु सारखी नक्षी निरनिराळ्या यंत्रणांतूनही निघू शकते. एकमेकांशी अभिक्रिया करत पसरणाऱ्या रसायनांतून नक्षी कशी उमटू शकते, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये मांडले होते, आणि शंखाचा विषय काढल्यावर त्यांचे नावही न घेणे हे न पटणारे आहे.

शेवटी संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांची, पडद्यावर पक्ष्यांचा थवा उडवणारी ‘बॉइड्स’ ही संगणकाची आज्ञावली दाखवतात. शेजाऱ्याला धडकू नये, त्याची दिशा धरावी, थव्याच्या मध्याकडे राहावे, एवढ्या तीन नियमांवर म्होरक्याशिवाय थवा वळतो. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहिलेल्यांना हे लगेच भिडते, मात्र नियमांचे आकडे स्वतः बदलून पाहण्याची संधी कोणालाच मिळत नाही. आठवीच्या पुढच्या मुलांना अवश्य पाठवावे. खोडरबर घरूनच द्यावे.