फ्योर्ड क्रूझ की बाल्टिक क्रूझ: उतरून काय बघायचं आणि बॅगेत काय भरायचं

उत्तर युरोपची क्रूझ करायची म्हटलं की आठवड्याभराचे साधारण दोन पर्याय समोर येतात. एक नॉर्वेचे फ्योर्ड (उंच कड्यांमधून जमिनीत आत शिरलेले समुद्राचे अरुंद फाटे), म्हणजे बर्गन, फ्लॉम, गायरांगर, ओलेसुंड, स्टाव्हांगर यातली तीन-चार बंदरं. दुसरी बाल्टिक, म्हणजे डेन्मार्कचं कोपनहेगन किंवा जर्मनीचं कील, वार्नेम्युंडे इथून निघायचं आणि स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, कधी रिगा, कधी पोलंडचं ग्दिनिया असं फिरून यायचं. पूर्वी बाल्टिक क्रूझ लोक घ्यायचे ती मुख्यतः सेंट पीटर्सबर्गसाठी, जहाज तिथे दोन-दोन दिवस थांबायचं, पण २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि ते बंदर यादीतून गेलं. त्यामुळे जुने ट्रॅव्हल व्हिडिओ बघून ठरवत असाल तर त्यातला तो भाग सोडून द्या.

आता फरक काय, तर फ्योर्डच्या ट्रिपमध्ये तुम्ही जे बघायला गेलाय ते जहाजाच्या डेकवरूनच दिसतं, आणि बाल्टिकमध्ये जहाज म्हणजे रात्री झोपायचं हॉटेल, बघायचं ते सगळं खाली उतरून. हे एकदा पक्कं झालं की कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे, केबिन कोणती, बूट कोणते, आईबाबांना झेपेल का, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

आधी फ्योर्ड. गायरांगरफ्योर्ड आणि नॅरॉयफ्योर्ड हे दोन्ही २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. गायरांगरला जहाज बहुतेक वेळा पहाटे आत शिरतं आणि खरा कार्यक्रम तोच असतो, दोन्ही बाजूला सरळ उभे कडे, सेव्हन सिस्टर्स नावाचे धबधबे, कड्यावर मधेच एखादं सोडून दिलेलं शेतघर. गजर लावून उठा, नाश्ता नंतर. गाव एवढंसं आहे, मोठं जहाज आलं की गावापेक्षा जहाजातच माणसं जास्त. तिथे बऱ्याचदा जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटीने उतरावं लागतं आणि त्यासाठी नंबर लागतात, म्हणजे ९ वाजता जहाज पोचलं म्हणून तुम्ही ९ ला गावात असाल असं धरू नका. वर डाल्सनिब्बाला बस जाते, जवळजवळ १५०० मीटर उंची, खाली छान ऊन असतं आणि वर चक्क बर्फ. मेमध्ये वरचा रस्ता बंदही असू शकतो, ते आधी बघून घ्या.

फ्लॉमला जहाजातून उतरलं की समोरच रेल्वे स्टेशन. फ्लॉमची रेल्वे २० किलोमीटरची, समुद्रसपाटीपासून म्युरडालला ८६६ मीटरपर्यंत चढते, जायला साधारण तास, मधे क्योस धबधब्यापाशी थांबते तेव्हा सगळा डबा खाली उतरून फोटो काढतो. गुडघेदुखीवाल्या मंडळींना ही गाडी म्हणजे वरदान आहे, बसल्या जागी सगळं. मात्र जहाज यायच्या दिवशी तिकिटं लवकर संपतात, त्यामुळे तारीख पक्की झाल्या झाल्या बुक करा. तिकीट नाही मिळालं तर स्टेगास्टाइनला बसने जा, फ्योर्डच्या ६५० मीटर वर कड्याबाहेर काढलेला लाकडी प्लॅटफॉर्म आहे. किंवा गुडव्हांगेनपर्यंतची इलेक्ट्रिक बोट घ्या, ती नॅरॉयफ्योर्डमधून जाते आणि तो सगळ्यात अरुंद जागी फक्त २५० मीटर रुंद आहे. मला विचाराल तर रेल्वेपेक्षा बोट सरस, पण रेल्वेचं नाव एवढं झालंय की घरचे ऐकणार नाहीत.

बर्गन हे तसं शहर. ब्रिगेनची जुनी लाकडी घरं, मासळीबाजार, आणि फ्लॉयेन टेकडीवर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने ओढली जाणारी छोटी रेल्वे, ३२० मीटर वर. हे तिन्ही पायी फिरून होतं, टूर घ्यायची काही गरज नाही. पाऊस मात्र गृहीत धरा, वर्षातले २०० च्या वर दिवस तिथे पाऊस असतो. स्टाव्हांगरला सगळ्यांना प्राइकेस्टोलेनवर उभं राहून फोटो हवा असतो. तो कडा ६०४ मीटर उंच, जाऊन-येऊन ८ किलोमीटर दगडांतून चढउतार, ४-५ तास नुसते चालायलाच, वर बसचा वेळ वेगळा. सिंहगड सहज चढणाऱ्यांनी जरूर जावं, बाकीच्यांनी लिसेफ्योर्डची बोट घेऊन तोच कडा खालून बघावा. ओलेसुंड १९०४ मध्ये जळून गेलं आणि नंतर तीनेक वर्षांत सगळं एका शैलीत, आर्ट नूवोमध्ये बांधलं, त्यामुळे नुसतं रस्त्यातून हिंडायलाही मजा येते. आक्सला टेकडीला ४१८ पायऱ्या आहेत, वरपर्यंत गाडीही जाते.

बाल्टिकचं गणित वेगळं आहे, तिथे प्रत्येक बंदराला शहर आहे आणि हातात सात-आठ तास, म्हणजे काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं. स्टॉकहोमला एकच गोष्ट करायची तर वासा म्युझियम. १६२८ मध्ये वासा ही युद्धनौका पहिल्याच प्रवासात, बंदरातच दीडेक किलोमीटरच्या आत कलंडली आणि बुडाली, कारण वरचा भाग जड आणि बुड अरुंद, वाऱ्याचा झोत आला तशी तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं. १९६१ ला वर काढली, आज अख्खी ६९ मीटरची लाकडी नौका समोर उभी आहे. आत मुद्दाम गार ठेवतात, जॅकेट बरोबर असू दे. त्यानंतर गाम्ला स्तान हे जुनं शहर, आणि बस्स. पण बुकिंग करताना एक बघा, जहाज स्टॉकहोम शहरात लागतंय की न्यूनेसहामला. नाव 'स्टॉकहोम'च लिहितात, पण न्यूनेसहामहून शहरात यायला लोकल ट्रेनने तासभर लागतो, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास तिथेच गेले.

टॅलिन सगळ्यात सोपं. धक्क्यावरून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की तटबंदीच्या आतलं मध्ययुगीन शहर, टाऊन हॉलच्या चौकात १४२२ पासूनची नोंद असलेलं औषधांचं दुकान अजून चालू आहे. वर टूम्पेआ टेकडीवर चढलं की लाल कौलांचा तो प्रसिद्ध फोटो मिळतो. रस्ते सगळे दगडगोट्यांचे, व्हीलचेअर, स्ट्रोलर, हिल्स, तिन्ही त्रासदायक. हेलसिंकीला बाजारचौकातून साधी फेरी घेऊन पाव तासात सुओमेनलिनाच्या किल्ल्यावर जाता येतं. १७४८ मध्ये स्वीडिश राजवटीत बांधायला घेतलेला हा किल्ला बेटांवर पसरलाय, आपल्या जलदुर्गांची सवय असलेल्या माणसाला तो जरा बुटकाच वाटेल पण हिंडायला सुरेख. पाऊस लागला तर ओओदी ही २०१८ ला उघडलेली लायब्ररी आहे, फुकट, उबदार, आणि स्वच्छ टॉयलेट. सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात तेही बघून ठेवा.

वार्नेम्युंडेला सगळे विचारतात, बर्लिन करायचं का. बर्लिन तिथून एका बाजूला तीन तासांच्या आसपास. सहा तास प्रवास करून ब्रांडेनबुर्ग गेटपाशी सेल्फी, याला काय अर्थ आहे. बर्लिन कधीतरी स्वतंत्र करा, त्या दिवशी वार्नेम्युंडेच्या समुद्रकिनाऱ्यावर पाय मोकळे करा नाहीतर लोकलने रोस्टॉक बघा. तरी जायचंच असेल तर बाल्टिकमध्ये ही एकच जागा अशी आहे जिथे मी डोळे मिटून जहाजाची टूर घ्या म्हणेन, कारण जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः गेलात आणि ट्रेन लेट झाली तर नाही थांबत, पुढच्या बंदराला स्वखर्चाने गाठा. बाकी बाल्टिकभर जहाजाची टूर म्हणजे चाळीस माणसांच्या मागे झेंडा बघत चालणं. फ्योर्डमध्ये प्राइकेस्टोलेनसाठी आणि रेल्वेचं तिकीट नसेल तर फ्लॉमसाठी घ्या, बास.

आणि घड्याळ! नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, जर्मनी एका वेळेवर चालतात, फिनलंड आणि एस्टोनिया एक तास पुढे. फोन आपोआप बदलतो, जहाजाची वेळ बदलतेच असं नाही. परत यायची वेळ ही नेहमी जहाजाच्या घड्याळाने असते, म्हणून हातात साधं घड्याळ घालून ते जहाजाच्या वेळेला लावा. फ्योर्डवाल्यांना ही कटकटच नाही.

केबिनबद्दल. फ्योर्डला बाल्कनी घ्या, परवडत असेल तर नक्की, पावसात डेकवर कुडकुडण्यापेक्षा ब्लँकेट गुंडाळून चहा पीत धबधबे बघता येतात. डावी बाजू की उजवी यावर डोकं खपवू नका, जहाज त्याच वाटेने आत जातं आणि बाहेर येतं. बाल्टिकला इनसाइड, म्हणजे बिनखिडकीची केबिन घ्या आणि वाचलेले पैसे शहरांत खर्च करा. स्टॉकहोमच्या हजारो बेटांमधून जहाज निघतं ते काही तास बघण्यासारखे आहेत खरे, पण ते वरच्या डेकवरूनही दिसतात. शिवाय जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो, बिनखिडकीच्या खोलीत झोप तरी लागते. बाल्कनीवाल्यांनी डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या.

कधी जायचं हेही बघा. मेमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून आपण मेमध्ये जातो, तर मेअखेर ते जून फ्योर्डला फार छान, बर्फ वितळत असतं आणि धबधबे भरून वाहतात, ऑगस्टला तेच बारीक होतात. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी बर्गनमध्ये असाल तर दुकानं बंद पण पारंपरिक पोशाखातली मिरवणूक बघायला मिळेल. बाल्टिकला जून-जुलै-ऑगस्ट बरा, मेमध्ये वारा बोचतो. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वीडनमध्ये मिडसमर हा सण असतो, त्या शुक्रवारी स्टॉकहोम ओस पडलेलं दिसतं.

व्हिसाचं थोडक्यात, दोन्हीकडचे सगळे देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहेत, नॉर्वेसुद्धा. पण जहाज साउदॅम्प्टनहून निघत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि वर नॉर्थ सी ओलांडायचा, तो खवळला की पोटात कालवतं. त्यापेक्षा कील किंवा कोपनहेगनहून निघणारी बघा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळत नाहीत म्हणून लवकर लागा.

तर कोणी कुठे? सत्तरीचे आईबाबा बरोबर असतील, किंवा ज्यांना रोज दहा-बारा हजार पावलं नको असतील, त्यांनी फ्योर्ड. कॉलेजातली मुलं, इतिहास, म्युझियम, कॉफीची दुकानं यात रमणारे, त्यांनी बाल्टिक. पहिलीच क्रूझ असेल आणि काहीच सुचत नसेल तर मी फ्योर्ड म्हणेन, कारण शहरं पुढे कधी विमानाने स्वस्तात करता येतात, जहाजाच्या डेकवरून फ्योर्ड बघणं दुसऱ्या कशाने होत नाही.

आता बॅग. फ्योर्डसाठी भरायचं ते पावसासाठी, बाल्टिकसाठी भरायचं ते पायांसाठी. फ्योर्डला टोपीवालं खरंखुरं वॉटरप्रूफ जॅकेट हवं, आपलं मुंबईचं प्लास्टिकचं रेनकोट आत घाम धरतं, आणि छत्री बर्गनच्या वाऱ्यात उलटी होते. आत पातळ थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जॅकेट, म्हणजे डाल्सनिब्बाला तिन्ही आणि खाली गावात एक काढून टाकायचं. जाड लोकरीचे कोट घेऊन जाऊ नका, बॅग भरते आणि उपयोग शून्य. कानटोपी, हातमोजे मेमध्ये नक्की, जुलैमध्येही वरच्या डेकवर पहाटे लागतात. ग्रिपवाले बूट, एक जोडी ओली झाली तर दुसरी. बाल्टिकला जुलैत टीशर्टवर फिरता येतं, संध्याकाळसाठी एक स्वेटर आणि हलकं विंडचीटर पुरे, पण बूट जाड तळव्याचे आणि आधीच पायात मुरलेले. नवे बूट टॅलिनमध्ये पहिल्यांदा घालू नका.

दोन्हीकडे सारखं असं: पहिल्या दिवशी मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, पासपोर्ट, एक जॅकेट हातातल्या बॅगेत. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड जहाजावर काढून घेतात. युरोपचा दोन पिनांचा अडॅप्टर न्या. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल वेगळंच येतं. रोख पैसे फारसे लागत नाहीत, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये तर कार्डच चालतं, चार चलनं बदलून घेत बसू नका.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा, जहाजावर चढून सांगितलं तर सॅलडवर भागतं. घरून सीलबंद चिवडा, खाकरा, इन्स्टंट पोह्या-उपम्याचे कप न्या, गरम पाणी बुफेच्या चहापाशी मिळतं. मेतकूटाची एक पुडी जरूर, बुफेत साधा भात बहुतेक असतोच. पण तूप, पेढे, बर्फी असलं दुधाचं काही आणि मांसाचं काही नेऊ नका, युरोपियन युनियन आणि नॉर्वे दोन्हीकडे बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावरच टाकायला लावतात.