एकाच नावाच्या दोन वाड्या आणि ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या ग्रामीण भागात वाडीचे नुसते नाव सांगून पत्ता पुरा होत नाही. कार्न नावाची एक वाडी रोझलँड द्वीपकल्पावर वेरियनजवळ आहे आणि दुसरी लिझर्ड द्वीपकल्पावर, गिलनच्या खाडीच्या मुखापासून आत, तिच्या अगदी टोकाशी. पेनरोझ हेल्स्टनजवळही आहे आणि थेट उत्तर किनाऱ्याकडे सेंट अर्व्हन पॅरिशमध्येही (पॅरिश म्हणजे स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान विभाग). या दोघांत सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे. जुन्या कॉर्निश भाषेत खडक, माळ, टेकाडाचे टोक अशा डोळ्यांसमोरच्या खुणांवरूनच वस्त्यांना नावे पडल्यामुळे ती पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावून निदान शेजारच्या दोन गावांची तरी ओळख वेगळी राहते. तिथे मात्र पॅरिशचे नाव जोडण्यापलीकडे फारशी सोय नाही. अशा मुलखात हिंडणाऱ्याने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा कोणता कागदी नकाशा घ्यावा, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

या संस्थेच्या दोन मालिका प्रचलित आहेत. गुलाबी वेष्टनाची लँडरेंजर मालिका १:५०,००० प्रमाणाची असून तिचा प्रत्येक नकाशा ४० किलोमीटर लांबीरुंदीचा प्रदेश दाखवतो. नारिंगी वेष्टनाची एक्सप्लोरर मालिका १:२५,००० प्रमाणाची आहे. दुकानदार पायी फिरणाऱ्याच्या हाती बहुधा एक्सप्लोररच ठेवतो आणि एरवी ते योग्यही असते. परंतु प्रश्न नावांच्या गोंधळाचा असेल, तर माझे मत आधी लँडरेंजरचा २०४ क्रमांकाचा, ट्रुरो आणि फाल्मथचा नकाशा घ्यावा असे आहे.

याचे कारण असे की दोन्ही कार्न या एकाच कागदावर येतात, आणि त्यांच्यामध्ये काय पसरले आहे तेही एका नजरेत दिसते. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम २० किलोमीटर भरते, पण मध्ये आधी फाल नदीचे रुंद मुख आणि मग हेलफर्डची खाडी आडवी येते. रोझलँडवरून निघालेल्या गाडीला साखळीवर ओढल्या जाणाऱ्या किंग हॅरी फेरीने फाल ओलांडावी लागते किंवा ट्रुरोवरून वळसा घ्यावा लागतो, आणि पुढे हेलफर्डला वळसा घालून, ग्वीकवरून, लिझर्डकडे उतरावे लागते. चुकीच्या कार्नला पोहोचलेल्या माणसाचा अर्धा दिवस कसा जाईल, हे या नकाशावर बोट फिरवले की कळते. एक्सप्लोररमध्ये याच दोन वाड्या १०५ आणि १०३ अशा वेगळ्या नकाशांवर विभागल्या गेल्या आहेत, त्यामुळे एक पाहताना दुसरीचा विचारही मनात येत नाही.

वाडीपाशी पोहोचल्यावर मात्र लँडरेंजर अपुरा पडतो. त्यावर शेतांचे बांध दाखवलेले नाहीत. एक्सप्लोररवर ते आहेत, आणि उंच बांधांमधून जाणाऱ्या कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांवर आपण नक्की कोणत्या वळणाशी आहोत हे ओळखायला तेच उपयोगी पडतात. पायवाटाही त्यावर हिरव्या तुटक रेघांनी ठळक दाखवल्या आहेत. वेरियनजवळच्या कार्नवरून कार्न बीकन या कांस्ययुगीन दफनटेकाडाकडे जायचे असेल, तर एक्सप्लोररला पर्याय नाही. (गेरेनियस राजाला सोन्याच्या नौकेसह तिथे पुरले अशी दंतकथा आहे; उत्खननात नौका काही निघाली नाही.)

या कागदी नकाशांतील मोठी उणीव म्हणजे त्यांवर नावांची सूची नसते. नाव ठाऊक आहे पण जागा ठाऊक नाही, अशा वाचकाला सारा कागद धुंडाळावा लागतो. यावर उपाय नकाशावर आखलेल्या एक किलोमीटरच्या चौकटींच्या आकड्यांचा (आधीची दोन अक्षरे मोठ्या विभागाची): वेरियनचे कार्न एसडब्ल्यू ९१ ३८ या चौकटीत येते आणि गिलनचे एसडब्ल्यू ७७ २४ मध्ये. मुक्कामाच्या जागेकडून वाडीच्या नावाबरोबर हा आकडा मागून घ्यावा, कारण ग्रामीण भागात एकाच पोस्टकोडखाली दूरदूरची शेतघरे येऊ शकतात. कागदी प्रतीसोबत तोच नकाशा मोबाइलवर उतरवून घेण्याचा कोडही मिळतो, ही सोय चांगली आहे. तरी वाऱ्यापावसात घडी उलगडायची असेल, तर थोडे अधिक पैसे मोजून प्लॅस्टिकचा थर दिलेली प्रत घ्यावी.

पेनरोझला जाणाऱ्यांना मात्र लँडरेंजरचा हा लाभ मिळत नाही. हेल्स्टनचे पेनरोझ २०३ क्रमांकावर आहे आणि सेंट अर्व्हनचे २०० वर, तेव्हा आपले पेनरोझ कोणते हे आधी ठरवूनच दुकानात जावे.